बंधारा बांधला, पुढे काय?

जानेवारी २०१८ मधील गोष्ट आहे. कोकणातील एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेलो होतो. अशा प्रदर्शनात काय काय असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. एका कोपऱ्यात ज्वालामुखी धुमसत असतो, दुसऱ्या कोपऱ्यात पुठ्ठ्याची पवनचक्की फिरत असते आणि कोठे तरी एखादी विजेची घंटा नेमकी परीक्षक आले की वाजेनाशी होते! त्या गर्दीत एका टेबलाजवळ आठवीतील पाच विद्यार्थी उभे होते. त्यांच्याकडे कोणतेही यंत्र नव्हते. एका तक्त्यावर फक्त छायाचित्रे चिकटवली होती. गावच्या ओढ्यावर त्यांनी स्वतः बांधलेल्या वनराई बंधाऱ्याची ती छायाचित्रे होती.

"किती पोती लागली?" मी विचारले.

"दोनशे चाळीस, सर!" एक मुलगा छाती फुगवून म्हणाला.

"किती दिवस लागले?"

"तीन रविवार."

"छान! आणि बंधाऱ्यात पाणी किती साठले?"

पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. मग एकाने धीर करून उत्तर दिले, "पुष्कळ साठले, सर."

"पुष्कळ म्हणजे किती? त्यातले जमिनीत किती मुरले? आणि त्याचा उपयोग गावात कोणाला झाला?"

आता मात्र कोणीच बोलेना. त्यांना बक्षीस मिळाले नाही. मला वाटले, मुले हिरमुसली असतील. पण संध्याकाळी मी निघालो तेव्हा त्यांच्यातील एक मुलगी फाटकापाशी थांबली होती. हातात वही आणि पेन्सिल होती. ती म्हणाली, "सर, पाणी किती साठले ते मोजायचे कसे?"

या एका प्रश्नातून पुढे काय काय घडले, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे.

स्पर्धा आणि सेवा

शाळेच्या अभ्यासापलीकडे जाऊन काही करण्याची संधी आपल्याकडील विद्यार्थ्यांना दोन वाटांनी मिळते. पहिली वाट स्पर्धांची. मुंबईतील विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ साली डॉ. होमी भाभा यांच्या नावाने बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. ती सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. तीत लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक, मुलाखत आणि कृतिसंशोधनाचा प्रकल्प अशा पायऱ्या असतात. १९९३ साली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी आपल्या परिसरातील एखादा प्रश्न निवडावा, गटाने त्याचा अभ्यास करावा आणि निष्कर्ष मांडावेत, अशी तिची कल्पना.

दुसरी वाट सेवेची. श्रमदान, वृक्षारोपण, पूरग्रस्तांसाठी कपडे आणि धान्य गोळा करणे, खाऊचे पैसे वाचवून मदतनिधीला देणे, या गोष्टी आपल्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत.

गंमत अशी की, आपण या दोन वाटा वेगळ्या समजतो. स्पर्धेत डोके चालवायचे आणि सेवेत हात चालवायचे, अशी काहीशी वाटणीच झालेली असते. स्पर्धेच्या प्रकल्पाला "हा निष्कर्ष कशावरून काढला?" असा प्रश्न आपण हटकून विचारतो. मदतीच्या कामाला मात्र तो प्रश्न कोणी विचारत नाही. चांगल्या हेतूने केलेल्या कामाची तपासणी करणे आपल्याला जरा उद्धटपणाचे वाटते. पण खरोखर तसे आहे का? हे पाहण्यासाठी आधी आपल्या मित्रांच्या बंधाऱ्याकडे जाऊ.

पावसाच्या देशात तहान

कोकणात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे सारे पाणी जागच्या जागी साठले असते, तर दोन पुरुष एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिले तरी वरच्याच्या डोक्यापर्यंत ते आले असते! आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत कोकणातील कितीतरी वाड्यांवर पिण्याच्या पाण्याची ओरड असते. याचे कारण जमिनीत आहे. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर थोडे, उतार तीव्र आणि जांभा दगड सच्छिद्र. पाणी एक तर धो धो वाहून समुद्राला मिळते, नाही तर जांभ्यातून पाझरत खाली उतरते आणि काही महिन्यांत ओढ्यावाटे निघून जाते.

वनराई बंधारा म्हणजे या वाहून जाणाऱ्या पाण्याला घातलेला तात्पुरता अडसर. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती घ्यायची, ती वाळूने किंवा मातीने भरून त्यांची तोंडे शिवायची आणि विटांचे बांधकाम करतात तसे सांधे मोडत ती ओढ्याच्या पात्रात रचायची. पावसाळा संपल्यावर, ओढ्याला अजून धार असते तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे काम करतात. पुढच्या पावसाळ्याच्या लोंढ्याबरोबर बंधारा वाहून जातो. खर्च जवळजवळ नाहीच, लागते ते मनुष्यबळ. म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या श्रमदानात हा बंधारा फार लोकप्रिय आहे. माजी केंद्रीय मंत्री मोहन धारिया यांच्या 'वनराई' या संस्थेमुळे त्याला हे नाव मिळाले.

बंधारा एवढाच उंच का?

मी त्या शाळेत गेलो तेव्हा मुलांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "सर, यंदा आम्ही बंधारा दुप्पट उंच बांधू का? म्हणजे पाणी दुप्पट साठेल."

मी म्हटले, "आधी हिशेब करू."

पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, हे तुम्ही शिकला आहात. पृष्ठभागापाशी पाण्याचा दाब शून्य धरला, तर एक मीटर खोलीवर तो दर चौरस मीटरला ९८०० न्यूटन होतो. सरासरी दाब याच्या निम्मा, म्हणजे ४९०० न्यूटन. आता ओढा सहा मीटर रुंद आणि बंधारा एक मीटर उंच असेल, तर भिंतीचे क्षेत्रफळ सहा चौरस मीटर. म्हणून पाण्याचा एकूण रेटा ४९०० × ६ = २९,४०० न्यूटन. हा रेटा जवळजवळ तीन टन वजनाइतका झाला!

बंधारा दोन मीटर उंच केला तर काय होईल? सरासरी दाब दुप्पट आणि क्षेत्रफळही दुप्पट, म्हणून रेटा चौपट. बारा टन! शिवाय हा रेटा बंधाऱ्याला उलथवू पाहतो, आणि त्याचा जोर लागण्याची उंचीही आता दुप्पट झाली. म्हणजे उलथवणारा परिणाम आठपट झाला. नुसत्या रचलेल्या पोत्यांचे हे काम नव्हे. म्हणूनच वनराई बंधारा साधारण मीटर-सव्वा मीटरच्या वर नेत नाहीत, आणि त्याचा पाया माथ्यापेक्षा पुष्कळ रुंद ठेवतात.

आणखी एक मौज पाहा. या साऱ्या हिशेबात बंधाऱ्यामागे पाणी किती लांबवर पसरले आहे, याचा उल्लेख कोठेच आला नाही. पाणी दहा मीटर लांब पसरो की शंभर मीटर, भिंतीवरचा रेटा तेवढाच! तो फक्त खोलीवर आणि भिंतीच्या रुंदीवर ठरतो. मुलांना हे पटायला अर्धा तास लागला. तुम्हीही वर्गात यावर वाद घालून पाहा.

पाणी किती साठले?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. बंधाऱ्यामागचे पाणी पाचरीच्या आकाराचे असते. बंधाऱ्यापाशी ते सर्वांत खोल असते, आणि वरच्या अंगाला जाता जाता त्याची खोली शून्य होते. समजा, ओढ्याच्या तळाचा उतार पन्नास मीटरला एक मीटर आहे. मग एक मीटर उंच बंधाऱ्याचे पाणी मागे पन्नास मीटरपर्यंत पसरेल. पाचरीचे घनफळ म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे:

५० × ६ × १ ÷ २ = १५० घनमीटर, म्हणजे दीड लाख लिटर.

दहा हजार लिटरचे पंधरा टँकर! काठ उभे नसून उतरते असतात, त्यामुळे खरे पाणी याहून कमी भरते. मुलांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये नवा बंधारा बांधला तेव्हा ओढ्यात दर पाच मीटरवर दोरी आडवी धरून रुंदी मोजली आणि गाठी मारलेल्या काठीने ठिकठिकाणची खोली मोजली. या कामी लागले ते फक्त दोरी, काठी, मोजपट्टी आणि चार ओल्या चपला.

पण साठलेले पाणी तसेच थोडेच राहते? काही वाफ होऊन उडते, काही जमिनीत मुरते, काही पोत्यांच्या फटींतून निसटते. हे वेगळे कसे ओळखायचे? त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. एक बादली पाण्याने भरून बंधाऱ्याच्या डोहातच ठेवायची. तळाशी दगड घालायचा म्हणजे ती तरंगणार नाही, आणि कड पाण्याच्या जरा वर ठेवायची. बादलीतले पाणी मुरू शकत नाही, ते फक्त वाफेने कमी होते. डोहातले पाणी मात्र तिन्ही वाटांनी कमी होते. ओढ्याची धार आटल्यावर एखाद्या दिवशी, कोणी पाणी उपसत नसताना, दोन्हीकडील पातळी मोजायची. समजा डोह चार सेंटिमीटर उतरला आणि बादली अर्धा सेंटिमीटर. तर उरलेले साडेतीन सेंटिमीटर पाणी मुरले किंवा निसटले. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला किती पाणी वाहते ते पाहिले, की त्यातले निसटलेले किती याचाही अंदाज येतो.

डोह झपाट्याने उतरू लागला, तेव्हा मुले नाराज झाली. त्यांना वाटले, सारी मेहनत वाया गेली. मी विचारले, "मुरलेले पाणी गेले कोठे?" लगेच उत्तर आले, "विहिरीत!" मग मी म्हटले, "चला, विहिरीला विचारू."

तुलनेची विहीर

बंधाऱ्याच्या काठाला एका बागायतदारांची विहीर होती. मुलांनी दर रविवारी सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी, तिच्यातील पाण्याची पातळी मोजायला सुरुवात केली. विज्ञानाच्या बाई प्रत्येक वेळी बरोबर असत. दोराला वजन बांधून ते कठड्यावरून खाली सोडायचे आणि पाण्याला टेकले की दोराची लांबी मोजायची.

महिन्याभराने मुलांचे चेहरे पडले. विहिरीचे पाणी वाढण्याऐवजी कमीच होत होते!

मित्रहो, येथे विचार कसा करायचा, हे फार महत्त्वाचे आहे. पावसाळा संपला की सगळ्याच विहिरींचे पाणी उतरू लागते. म्हणून "पाणी वाढले का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न असा, की बंधारा नसता तर पाणी जितके उतरले असते, त्यापेक्षा ते कमी उतरले का? पण बंधारा नसता तर काय झाले असते, हे आपण पाहणार कसे? एकाच वेळी बंधारा आहे आणि नाही, असे तर करता येत नाही.

यावर विज्ञानाने शोधलेला उपाय म्हणजे तुलना. मुलांनी त्याच ओढ्याच्या काठची, पण बंधाऱ्याच्या बरीच वरच्या बाजूची, साधारण तेवढीच खोल असलेली दुसरी विहीर निवडली. तेथे बंधाऱ्याचे पाणी पोहोचण्याचा संभव नव्हता. दोन्ही विहिरींच्या नोंदी शेजारी शेजारी मांडून त्यांनी आलेख काढला. दोन्ही रेषा खालीच जात होत्या. पण बंधाऱ्याजवळच्या विहिरीची रेषा सावकाश उतरत होती आणि दुसरीची भराभर. बंधाऱ्याने पाणी वाढवले नव्हते, त्याने ते रेंगाळत ठेवले होते.

मुले आनंदाने उड्या मारू लागली. पण त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, "ती विहीर आधीपासूनच सावकाश आटणारी असेल तर?" शाबास! हा खरा वैज्ञानिक. बंधारा बांधण्यापूर्वीच्या नोंदी कोणाकडेच नव्हत्या. अखेर मुले बागायतदार आजोबांकडे गेली. आजोबा म्हणाले, "बंधारा नव्हता तेव्हा शिमग्याला विहिरीची चौथी पायरी उघडी पडायची. यंदा दुसरीच दिसते आहे." आजोबांची मोजपट्टी म्हणजे विहिरीच्या पायऱ्या! मुलांनी पायऱ्यांची उंची मोजून ही आठवणही वहीत नोंदवली. मात्र तिच्यापुढे 'आठवणीवरून' असे प्रामाणिकपणे लिहिले. आठवण आणि मोजमाप यांत फरक असतो, आणि तो लपवायचा नसतो.

हंडा काय आपोआप चढतो?

मे २०१९ मध्ये शाळेच्या पडवीत मुलांनी गावकऱ्यांपुढे आपले आलेख मांडले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. इतक्यात मागे बसलेल्या एक वहिनी उठल्या. त्या वरच्या वाडीतल्या होत्या.

"पोरांनो, बंधारा झकास बांधलात," त्या म्हणाल्या. "पण पाणी राहिले खाली आणि आमची वाडी वर. हंडा काय आपोआप चढतो?"

पडवीत शांतता पसरली. दीड वर्षापूर्वी प्रदर्शनात पसरली होती, अगदी तशीच.

वहिनींचे म्हणणे खरे होते. बंधाऱ्याचा लाभ झाला तो मुख्यतः काठच्या बागेला. तोही लाभच, त्यात वाईट काही नाही. पण गावात पाण्याची सर्वांत मोठी अडचण होती ती वरच्या वाडीला. वीस घरे, शंभर माणसे. आणि श्रमदान ठरवताना त्या वाडीला कोणी काही विचारलेच नव्हते. ओढा शाळेजवळ होता, म्हणून बंधारा ओढ्यावर झाला.

मुलांनी त्याच रात्री हिशेब केला. ओढ्यापासून वरच्या वाडीची उंची सुमारे चाळीस मीटर. पंधरा लिटरचा हंडा तेवढा वर न्यायला वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार, म्हणजे १५ × ९.८ × ४० = ५८८० ज्यूल कार्य करावे लागते. नेणाऱ्या बाईचे वजन पन्नास किलो धरले, तर स्वतःला वर नेण्यासाठी आणखी १९,६०० ज्यूल. चार खेपांचे एक लाखाच्या वर! पुस्तकात 'स्थितिज ऊर्जा' म्हणून पाठ केलेली राशी वहिनी रोज डोक्यावरून वाहत होत्या.

चक्रावरचा पंप

तुम्ही म्हणाल, शाळकरी मुलांची ही चूक होती, मोठ्या माणसांच्या हातून असे होत नसेल. तर मग दक्षिण आफ्रिकेतील एक हकीकत ऐका.

बागेत असते तसे गोल फिरणारे चक्र घ्यायचे आणि ते बोअरच्या पंपाला जोडायचे. शाळेतील मुले चक्रावर खेळतील, आणि त्यांच्या खेळातूनच पाणी वर चढून टाकीत पडेल. किती सुंदर कल्पना! या 'प्लेपंपा'ला २००० साली जागतिक बँकेचे पारितोषिक मिळाले. २००६ साली अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले, आणि २०१० पर्यंत आफ्रिकेत असे चार हजार पंप बसवण्याचे ठरले.

या पंपाविषयी असे सांगितले जाई, की तो चाळीस मीटर खोलीवरून तासाला १४०० लिटर पाणी काढतो आणि एक पंप अडीच हजार माणसांना पुरतो. आता तुम्हीच हिशेब करा. माणशी रोज किमान १५ लिटर धरले, तर २५०० माणसांना ३७,५०० लिटर हवे. त्याला १४०० ने भागले, की उत्तर येते जवळजवळ २७ तास. दिवसाचे तास मात्र चोवीसच! लंडनच्या 'गार्डियन' वृत्तपत्रात हा हिशेब २००९ साली छापून आला.

आपण आणखी एक पाऊल पुढे जाऊ. तासाला १४०० लिटर पाणी चाळीस मीटर चढवायचे, म्हणजे ताशी १४०० × ९.८ × ४० = ५,४८,८०० ज्यूल. त्याला ३६०० सेकंदांनी भागले, की शक्ती येते सुमारे १५२ वॅट. घर्षण यात धरलेलेच नाही. धडधाकट प्रौढ माणूस तासन्‌तास काम करताना सुमारे ७५ वॅट शक्ती देऊ शकतो. म्हणजे दोन मोठ्या माणसांनी न थांबता करायचे काम मुलांच्या खेळावर सोपवले होते. मुले दमली की खेळ थांबवतात, आणि थांबवायलाच हवा. पुढे झालेल्या पाहण्यांत दिसले, की पुष्कळ ठिकाणी बायकांनाच ते चक्र हाताने ढकलावे लागत होते, आणि साधा हातपंप त्यांना अधिक सोयीचा वाटत होता. त्या चार हजार पंपांची योजना मागे पडली.

हेतू वाईट होता का? मुळीच नाही. पण नववीच्या विद्यार्थ्याला येणारा एक गुणाकार आणि एक भागाकार कोणी वेळेवर केला नाही, आणि पाणी भरणाऱ्या बायकांना कोणी आधी विचारले नाही.

गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने

आता पुन्हा आपल्या गावाकडे. जून २०१९ मध्ये आपले पाच मित्र दहावीत गेले. पण त्यांनी आठवीतल्या नव्या मुलांना बरोबर घेतले, आणि या वेळी काम सुरू केले ते वरच्या वाडीतून. घरोघर जाऊन तीनच प्रश्न विचारले: पाणी कोठून आणता, किती वेळ लागतो, आणि तुम्हाला काय केलेले हवे?

तिसऱ्या प्रश्नाने काम सोपे केले. एक म्हातारी आजी म्हणाली, "वाडीच्या वर जुना झरा आहे. आम्ही मुली होतो तेव्हा तिथूनच पाणी आणायचो. आता गाळाने बुजलाय." वाडीच्या वर! म्हणजे पाणी चढवायला नको, ते आपोआप उतरेल.

जागेच्या मालकांची आणि ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन गावकऱ्यांनी आणि मुलांनी झरा मोकळा केला. नळासाठी पैसे हवे होते. मुलांनी दिवाळीला आकाशकंदील करून विकले आणि घरोघरची रद्दी गोळा केली. किती लांबीचा नळ लागेल हे आधीच मोजलेले असल्याने नेमके किती पैसे हवेत ते ठाऊक होते. देणाऱ्यांनाही तो हिशेब दाखवता आला. पाणी स्वच्छ दिसले तरी ते पिण्याजोगे आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून आरोग्य केंद्रामार्फत नमुना तपासून घेतला, आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे पाण्यात औषध टाकण्याची व्यवस्था वाडीने केली. डिसेंबर २०१९ मध्ये वरच्या वाडीत पाण्याची धार पडली.

गोष्ट येथे संपवली असती तर फार गोड झाली असती. पण मुलांनी मोजणे थांबवले नव्हते. दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहणे, एवढाच प्रयोग. जानेवारीत तीन मिनिटे लागत. म्हणजे तासाला दोनशे, दिवसाला ४८०० लिटर. शंभर माणसांना माणशी ४८ लिटर. ग्रामीण भागासाठी २०१९ च्या जल जीवन मिशनने धरलेले प्रमाण ५५ लिटरचे आहे. म्हणजे फार कमी नाही. पण रात्रीचे पाणी वाहूनच जाई, कारण टाकी नव्हती. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळा बंद झाली. वाडीतच राहणाऱ्या दोघा भावंडांनी नोंदी चालू ठेवल्या. मे महिन्यात तीच बादली भरायला बारा मिनिटे लागू लागली. माणशी फक्त १२ लिटर!

म्हणजे प्रश्न सुटला नाही. पण 'पाणी पुरत नाही' या तक्रारीच्या जागी आता वाडीच्या हातात आकडे होते. वहिनींनी आणि वाडीतील इतर बायकांनी ते आकडे अर्जाला जोडून साठवण टाकीची मागणी ग्रामपंचायतीकडे नेली. मी तो अर्ज पाहिला आहे. त्यातला आलेख शिसपेन्सिलीने काढलेला होता, आणि अक्षांना नावे बरोबर दिलेली होती.

तुमच्या शाळेसाठी

मित्रहो, तुमच्या शाळेतही यंदा एखादा सेवेचा उपक्रम होईलच. तो सुरू करण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहा. ज्यांच्यासाठी हे करायचे, त्यांना आपण विचारले का? आज परिस्थिती काय आहे, ते मोजले का? काम झाल्यावर फरक पडला हे कशावरून ठरवणार, आणि तुलना कशाशी करणार? आपण बाहेर पडल्यावर पुढे हे कोण सांभाळणार? झाडे लावणार असाल, तर किती लावली याबरोबर दोन उन्हाळ्यांनंतर किती जगली हेही मोजा. पुस्तके देणार असाल, तर किती वाचली गेली ते पाहा. विहिरीजवळ, ओढ्याजवळ मात्र मोठी माणसे बरोबर असल्याशिवाय जाऊ नका.

मदत मोजायची म्हणजे तिच्यावर संशय घ्यायचा, असे नाही. ज्याला मदत करायची त्याला ती खरोखर पोहोचली की नाही, याची काळजी वाहण्याचा तो एक मार्ग आहे. आईने ताप आलेल्या मुलाला औषध दिले, की तासाभराने ती पुन्हा कपाळाला हात लावून पाहतेच ना?

त्या पाच विद्यार्थ्यांची वही आता त्यांच्याकडे नाही. दहावी होऊन शाळा सोडताना त्यांनी ती पुढच्या वर्गाच्या हवाली केली. तिच्या शेवटच्या भरलेल्या पानाखाली एकच ओळ होती: 'पुढील नोंद रविवारी.'